वटाव-वक्राची संगणकीय बांधणी : 'क्वांटलिब' या मुक्त आज्ञावली-संग्रहाची समीक्षा

सारांश

भविष्यात मिळणाऱ्या रकमेचे आजचे मूल्य काढण्यासाठी वित्तव्यवहारात वटाव-वक्र वापरला जातो. हा वक्र बाजारात तयार मिळत नाही. मोजक्या बाजारदरांवरून तो बांधावा लागतो आणि ही बांधणी आज जवळजवळ सर्वत्र संगणकीय आज्ञावलीच्या साहाय्याने होते. प्रस्तुत लेखात 'क्वांटलिब' या मुक्त आज्ञावली-संग्रहातील वक्र-बांधणीची समीक्षा केली आहे. वक्र बांधताना घेतलेले निर्णय ही आज्ञावली कोठे उघडपणे मांडते आणि कोठे अबोलपणे घेऊन टाकते, हा या समीक्षेचा निकष आहे.

बीजसंज्ञा : वटाव-वक्र, बूटस्ट्रॅपिंग, अंतर्वेशन, स्वॅप, दुहेरी वक्र, क्वांटलिब

१. प्रस्तावना

वाणिज्य शाखेच्या पदवी अभ्यासक्रमात वर्तमान मूल्याचे सूत्र शिकविले जाते. त्यात व्याजाचा दर नेहमी 'दिलेला' असतो. "दर ८ टक्के असल्यास पाच वर्षांनी मिळणाऱ्या रकमेचे आजचे मूल्य काढा" असा प्रश्न विचारला जातो आणि विद्यार्थी तो बिनचूक सोडवितो. परंतु हा ८ टक्के दर कोणी दिला, पहिल्या वर्षासाठी आणि पाचव्या वर्षासाठी एकच दर का धरावा, आणि साडेतीन वर्षांचा दर बाजारात उपलब्ध नसेल तर तो कोठून आणावा, हे प्रश्न अभ्यासक्रमाच्या बाहेर राहतात. दुसरीकडे संगणकशास्त्र विभागातील विद्यार्थी आज्ञावली लिहावयास शिकतो, तथापि त्या आज्ञावलीतून वाहणाऱ्या आकड्यांचा आर्थिक अर्थ त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. वटाव-वक्राची बांधणी हा विषय नेमका या दोन विभागांच्या मध्ये पडतो. म्हणूनच त्याची चर्चा बहुविद्याशाखीय व्यासपीठावर होणे उचित ठरते.

साहित्यकृतीची समीक्षा करताना आपण तिच्या रचनेमागील गृहीतके तपासतो. आज्ञावली हीदेखील एक लिखित रचना आहे आणि तिच्यातही जगाविषयीची काही गृहीतके अंतर्भूत असतात. साहित्यकृतीच्या वाचकाला ती गृहीतके नाकारण्याचे स्वातंत्र्य असते. आज्ञावलीतील गृहीतक मात्र कोणी वाचले नाही तरी कोट्यवधी रुपयांच्या व्यवहाराचे मूल्य ठरविते. या भूमिकेतून प्रस्तुत लेखात क्वांटलिबचे वाचन केले आहे.

२. वक्र म्हणजे काय आणि तो कसा बांधतात

एका ठरावीक दिवशी मिळणाऱ्या एका रुपयाचे आजचे मूल्य म्हणजे त्या दिवसाचा वटाव-गुणक. हुंडी मुदतीपूर्वी वटविणाऱ्या सराफाला हीच कल्पना ठाऊक होती. भविष्यातील प्रत्येक दिवसासाठी असा गुणक सांगणारी रेषा म्हणजे वटाव-वक्र. बाजारात मात्र प्रत्येक दिवसाचा भाव नसतो. काही मुदतींच्या ठेवींचे, वायद्यांचे आणि स्वॅपचे दर तेवढे उपलब्ध असतात. स्वॅप म्हणजे बदलत्या व्याजाच्या मोबदल्यात स्थिर व्याज देण्याचा करार होय.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. वर्षातून एकदा व्याज देणाऱ्या स्वॅपचे दर एका वर्षासाठी ६ टक्के, दोन वर्षांसाठी ६.५ टक्के आणि तीन वर्षांसाठी ७ टक्के आहेत असे समजू. पहिला गुणक सरळ मिळतो. १ भागिले १.०६ म्हणजे ०.९४३४. दोन वर्षांच्या दराचा अर्थ असा की, त्या दराने दोन्ही वर्षी व्याज आणि अखेरीस मुद्दल दिल्यास त्या सर्वांचे आजचे मूल्य बरोबर एक रुपया भरावे. पहिल्या वर्षाच्या व्याजाचे मूल्य आपल्याला आता ठाऊक आहे. ते वजा करून उरलेल्या रकमेला १.०६५ ने भागले की दुसरा गुणक ०.८८१४ मिळतो. याच रीतीने तिसरा गुणक ०.८१५२ येतो. आधीच्या पायरीवर उभे राहून पुढची पायरी बांधण्याच्या या कृतीला बूटस्ट्रॅपिंग म्हणतात.

येथवर मतभेदाला जागा नाही. खरा प्रश्न पुढे उभा राहतो. अडीच वर्षांनी मिळणाऱ्या रकमेचा गुणक कोणता? दोन ज्ञात बिंदूंमधील अज्ञात मूल्य ठरविण्याच्या क्रियेला अंतर्वेशन म्हणतात आणि तिच्या अनेक रीती आहेत. गुणकाच्या लॉगॅरिथमवर सरळ रेषा काढल्यास वरील उदाहरणात अडीच वर्षांचा गुणक ०.८४७६ येतो. सतत चक्रवाढीने मोजलेल्या व्याजदरावर सरळ रेषा काढल्यास तो ०.८४८७ येतो. हा फरक क्षुल्लक वाटेल. परंतु अडीच वर्षांनी मिळणारी रक्कम १०० कोटी रुपये असेल तर या दोन उत्तरांत सुमारे साडेदहा लाख रुपयांचे अंतर पडते. दोन्ही वक्र बाजारातील तिन्ही दरांशी तंतोतंत जुळतात. बाजार त्यांपैकी कोणालाही खोटे ठरवीत नाही.

भावी दरांच्या बाबतीत हा भेद अधिक ठळक होतो. पहिली रीत तिसऱ्या वर्षाच्या दोन्ही सहामाहींसाठी ७.८१ टक्के हा एकच दर सुचविते. दुसरी रीत पहिल्या सहामाहीसाठी ७.५६ आणि दुसरीसाठी ८.०६ टक्के सुचविते. म्हणजे व्याजदर तिसऱ्या वर्षाच्या मध्यात अर्ध्या टक्क्याने चढतील, असे भाकीत दुसऱ्या वक्रातून निघते. बाजारातील कोणीही ते केलेले नाही. ते केवळ रेषा काढण्याच्या रीतीतून निर्माण झाले आहे. वटाव-वक्र हे बाजाराचे छायाचित्र नसून काही निर्णयांच्या आधारे केलेले विधान आहे, हे या लहानशा उदाहरणातून पुरेसे स्पष्ट व्हावे.

३. क्वांटलिबचे बलस्थान : निर्णयाला दिलेले नाव

क्वांटलिब हा सी प्लस प्लस भाषेत लिहिलेला मुक्त आज्ञावली-संग्रह २००० साली सुरू झाला. फर्डिनांडो अमेत्रानो व लुईजी बल्लाबिओ हे त्याचे प्रारंभीचे प्रमुख रचनाकार. २०१० मध्ये त्याची १.० ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. पायथनसारख्या भाषांतूनही तो वापरता येतो. त्याचा संपूर्ण मजकूर कोणालाही वाचता येतो, ही बाब समीक्षेच्या दृष्टीने निर्णायक आहे. बँकांच्या खासगी आज्ञावलींची अशी समीक्षा बाहेरच्या अभ्यासकाला करता येत नाही.

या संग्रहातील वक्र-बांधणीचा गाभा म्हणजे 'पीसवाइजयील्डकर्व्ह' हा वर्ग. तो वापरताना आज्ञावलीकाराला दोन गोष्टी लेखी सांगाव्या लागतात. पहिली, वक्राची बांधणी कोणत्या राशीवर करावयाची? वटाव-गुणकावर, शून्य-कूपन दरावर की भावी दरावर? दुसरी, त्या राशीचे अंतर्वेशन कोणत्या रीतीने करावयाचे? रेषीय, लॉग-रेषीय की घन? मागील विभागातील साडेदहा लाखांचा भेद ज्या निवडीतून उद्भवला, तीच ही निवड होय. क्वांटलिब ती निवड टाळू देत नाही. जो निर्णय हिशेबाच्या तक्त्यात एखाद्या लपलेल्या सूत्रात दडून राहिला असता, त्याला येथे वर्गाच्या नावातच स्थान मिळते. वाचणाऱ्याला एका ओळीत कळते की वक्र कोणत्या भूमिकेतून बांधला आहे.

बाजारातील प्रत्येक दरासाठी स्वतंत्र 'हेल्पर' योजण्याची कल्पनाही तितकीच समर्पक आहे. ठेवीसाठी एक, वायद्यासाठी दुसरा, स्वॅपसाठी तिसरा. प्रत्येक हेल्पर आपल्या साधनाचे दिवसगणन, सुट्ट्यांचे नियम आणि देय तारखा स्वतःजवळ बाळगतो. वक्राला केवळ एवढेच विचारतो की, तुझ्या गुणकांवरून माझा जो दर निघतो तो बाजारदराशी जुळतो काय? भारतीय संदर्भात याचे महत्त्व सहज ध्यानात येईल. आपल्याकडे सरकारी रोख्यांसाठी महिना ३० दिवसांचा व वर्ष ३६० दिवसांचे धरतात. ट्रेझरी बिलांसाठी मात्र प्रत्यक्ष दिवस मोजून वर्ष ३६५ दिवसांचे धरले जाते. ही दोन गणने एकत्र मिसळणारा वक्र सुबक दिसेल, पण चुकीचा असेल.

आणखी एक गुण नोंदविणे आवश्यक आहे. वक्राच्या शेवटच्या बिंदूपलीकडचा गुणक विचारल्यास क्वांटलिब उत्तर देण्याचे नाकारते. वापरणाऱ्याने बहिर्वेशनाची परवानगी स्वतंत्रपणे दिली तरच ते पुढे जाते. दहा वर्षांच्या माहितीवरून तीस वर्षांच्या निवृत्तिवेतन-दायित्वाचे मूल्य काढणाऱ्याला हा अडथळा त्रासदायक वाटेल. तथापि तो अडथळा प्रामाणिकपणाचा आहे.

४. अंतर्वेशनाच्या रीतींचे मूल्यमापन

पॅट्रिक हेगन व ग्रॅमी वेस्ट यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात अंतर्वेशन-रीती पारखण्याचे काही निकष मांडले. भावी दर ऋण होऊ नयेत, ते सलग असावेत, आणि एका मुदतीचा बाजारदर बदलल्यास त्याचा परिणाम त्या मुदतीच्या आसपासच राहावा, हे त्यांतील महत्त्वाचे. घन-स्प्लाइनचा वक्र डोळ्यांना गुळगुळीत दिसतो. परंतु तिसऱ्या निकषावर तो कमी पडतो, कारण दोन वर्षांचा दर हलला की वीस वर्षांजवळचे भावी दरही किंचित हलतात. जोखीम झाकण्यासाठी कोणत्या मुदतीचे स्वॅप किती घ्यावेत हे याच परिणामांवरून ठरत असल्याने, असा वक्र व्यवस्थापकाला असंबद्ध मुदतींचे व्यवहार करावयास सुचवितो.

क्वांटलिबमध्ये या सर्व रीती शेजारी शेजारी ठेवल्या आहेत. हेगन-वेस्ट यांनी सुचविलेली एककल-उत्तल पद्धतही त्यात आहे. मात्र कोणती रीत कोणत्या साधनाला अनुरूप, याविषयी वर्गांच्या रचनेत कोणताही संकेत नाही. एक दिवसाच्या दरावर आधारलेल्या स्वॅपसाठी लॉग-रेषीय रीत अधिक सयुक्तिक आहे. तीत दोन बिंदूंमधील भावी दर स्थिर राहतो. एक दिवसाचा दरही पतधोरणाच्या दोन बैठकांमध्ये बहुधा एका पातळीवर राहून बैठकीनंतर पायरीप्रमाणे बदलतो. येथे गुळगुळीतपणाचा आग्रह हा सौंदर्यदृष्टीचा दोष ठरेल. ही जाण आज्ञावलीत नाही, ती वापरणाऱ्याजवळ असावी लागते.

५. अबोल गृहीतके

क्वांटलिबवरील प्रमुख आक्षेप या ठिकाणी येतो. त्यासाठी थोडा इतिहास पाहावा लागेल.

ऑगस्ट २००७ पूर्वी डॉलर वा युरोच्या स्वॅपसाठी एकच वक्र पुरेसा मानला जाई. लायबॉरसारख्या आंतरबँक दरावरून भावी व्याजही काढले जाई आणि त्याच वक्राने ते वटविलेही जाई. तीन महिन्यांचा डॉलर लायबॉर आणि तेवढ्याच मुदतीचा एक-दिवसीय दराचा स्वॅप यांच्यातील अंतर तेव्हा साधारणपणे एक दशांश टक्क्याच्या आसपास असे. ९ ऑगस्ट २००७ रोजी बीएनपी पारिबा या बँकेने आपल्या तीन फंडांतील परतफेड थांबविली. त्यानंतर हे अंतर वाढू लागले. सप्टेंबर २००८ मध्ये लेहमन ब्रदर्स कोसळल्यावर ऑक्टोबरमध्ये ते साडेतीन टक्क्यांच्या वर गेले. बँकेला तीन महिन्यांसाठी पैसे देणे आणि रोज एक दिवसासाठी देणे यांतील जोखीम एकच नाही, हे बाजाराला उमगले. तारण ठेवलेल्या रकमेवर एक-दिवसीय दराने व्याज दिले जात असल्यामुळे तारणयुक्त स्वॅप त्याच दराने वटविणे तर्कसंगत ठरले. लंडनच्या एलसीएच या समाशोधन-गृहाने २०१० मध्ये स्वॅपसाठी हीच रीत स्वीकारली. भावी दरासाठी एक वक्र आणि वटावासाठी दुसरा, अशी दुहेरी व्यवस्था रूढ झाली. क्वांटलिबचे रचनाकार अमेत्रानो यांनी मार्को बियांकेत्ती यांच्यासमवेत २००९ व २०१३ मध्ये याच विषयावर निबंध लिहिले, ही गोष्ट उल्लेखनीय आहे.

या वैचारिक बदलाला आज्ञावलीने कसे सामावून घेतले? 'स्वॅपरेटहेल्पर' या वर्गाला वटावाचा स्वतंत्र वक्र देण्याची सोय करण्यात आली. पण ती ऐच्छिक आहे. वक्र न दिल्यास ते स्थान रिकामे मानले जाते आणि भावी दराचाच वक्र वटावासाठीही वापरला जातो. जुने कार्यक्रम मोडू नयेत, हा त्यामागील हेतू समजण्यासारखा आहे. परंतु त्याचा परिणाम असा की, न बोलणाऱ्या वापरकर्त्याला २००७ पूर्वीचे जग मिळते. आज्ञावली चूक दाखवीत नाही, सूचनाही देत नाही, आणि वक्र सर्व बाजारदरांशी अचूक जुळतो. अंतर्वेशनाची रीत सांगितल्याशिवाय पुढे न जाणारी ही आज्ञावली, त्याहून मोठा आर्थिक निर्णय मात्र न विचारता घेऊन टाकते. ही विसंगती आहे.

यावर कोणी म्हणेल की आता लायबॉरच उरलेला नाही. बँकांच्या मंडळाच्या अंदाजावरून काढला जाणारा डॉलर लायबॉर ३० जून २०२३ नंतर बंद झाला. त्याची जागा घेणारा सोफर हा एक-दिवसीय दर एप्रिल २०१८ पासून प्रसिद्ध होत आहे. सोफर स्वॅपमध्ये भावी दर व वटाव दोन्ही एकाच वक्रावरून येतात, त्यामुळे ते रिकामे स्थान पुन्हा योग्य ठरते. हा युक्तिवाद अर्धाच खरा आहे. युरोच्या बाजारात युरिबॉर चालूच आहे आणि त्याचे स्वॅप वेगळ्या एक-दिवसीय दराने वटवावे लागतात. भारतात मायबॉरवर आधारित एक-दिवसीय स्वॅप एका वक्राने बांधता येतो, पण डॉलर-रुपया वायद्यातील प्रीमियम समाविष्ट असलेल्या सुधारित मायफॉरसाठी तसे चालत नाही. शिवाय मायबॉरच्या स्थानाविषयीही पुनर्विचार झाला आहे. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या समितीने २०२४ मध्ये तारणयुक्त एक-दिवसीय व्यवहारांवर आधारित नव्या दराची शिफारस केली. एखादे पूर्वनिर्धारित मूल्य आज योग्य ठरले, म्हणून ते निर्दोष होत नाही. ते परिस्थितीने योग्य ठरविले आहे, विचाराने नव्हे.

याच प्रकारची दोन लहान उदाहरणे सांगता येतील. पहिले, मूल्यमापनाच्या तारखेचे. क्वांटलिबमध्ये ही तारीख संपूर्ण कार्यक्रमासाठी एकच असते आणि ती सांगितली नाही तर संगणकाची चालू तारीख गृहीत धरली जाते. परिणामी ३१ मार्चच्या ताळेबंदासाठी लिहिलेला कार्यक्रम एप्रिलमध्ये पुन्हा चालविल्यास तेच दर देऊनही उत्तर बदलते. लेखापरीक्षकाच्या दृष्टीने ही गंभीर बाब आहे.

दुसरे उदाहरण सुट्ट्यांचे. क्वांटलिबमधील भारताचे कॅलेंडर राष्ट्रीय शेअर बाजाराच्या सुट्ट्यांवर आधारलेले आहे. प्रजासत्ताक दिन वा गांधी जयंती यांना नियम आहे. दिवाळी, होळी, ईद यांच्या तारखा चांद्रगणनेनुसार बदलत असल्याने त्या वर्षागणिक हाताने नोंदवाव्या लागतात आणि ही नोंद मोजक्याच वर्षांपुरती आहे. नोंदीपलीकडच्या वर्षांत या कॅलेंडरला दिवाळी कामकाजाचा दिवस वाटते. दहा वर्षांच्या रुपया-स्वॅपची देय तारीख त्या दिवशी आली तर ती पुढे सरकत नाही. रकमेतील फरक अल्प असेल, पण व्याजदराच्या बाजाराच्या सुट्ट्या आणि शेअर बाजाराच्या सुट्ट्या एकच आहेत काय, हा प्रश्न तरी वापरणाऱ्याला पडावयास हवा. पंचांगाच्या देशात कॅलेंडर हे गृहीत धरण्याजोगे साधन नव्हे.

६. अध्यापनाच्या दृष्टीने विचार

उपरोक्त दोषांमुळे क्वांटलिब त्याज्य ठरते असे म्हणण्याचा हेतू नाही. उलट हे दोष दाखविता आले, कारण त्याचा मजकूर उघडा आहे आणि त्यासोबत चाचण्यांचा संचही दिलेला आहे. अध्यापनासाठी याहून चांगला पाठ्यग्रंथ सापडणे कठीण. मात्र तो 'चालवून दाखविण्या'ऐवजी 'वाचून दाखविणे' अगत्याचे आहे. वाणिज्य आणि संगणकशास्त्र विभागांनी संयुक्तपणे एक छोटा उपक्रम योजावा. विद्यार्थ्यांनी तीन-चार बिंदूंचा वक्र प्रथम कागदावर बांधावा, मग दोन रीतींनी अंतर्वेशन करून फरक मोजावा आणि शेवटी तोच वक्र आज्ञावलीने बांधून, आपण न सांगता आज्ञावलीने काय काय ठरविले याची यादी करावी. ही यादी हेच त्या प्रात्यक्षिकाचे खरे फलित असेल.

७. निष्कर्ष

वटाव-वक्र हा बाजारदरांशी जुळला म्हणजे बरोबर, ही समजूत अपुरी आहे. त्याच दरांशी जुळणारे अनेक वक्र संभवतात आणि त्यांतून एकाची निवड होताना साधन, अंतर्वेशन, वटावाचा दर, तारीख व कॅलेंडर यांविषयीचे निर्णय घेतले जातात. क्वांटलिबने यांपैकी अंतर्वेशनाचा निर्णय अनुकरणीय स्पष्टतेने पृष्ठभागावर आणला. वटावाच्या वक्राचा, तारखेचा आणि सुट्ट्यांचा निर्णय मात्र त्याने पूर्वनिर्धारित मूल्यांत दडवून ठेवला. यांपैकी पहिल्या दोन बाबतीत उपाय सोपा आहे. वटावाचा वक्र आणि मूल्यमापनाची तारीख सांगणे अनिवार्य करावे. जुन्या कार्यक्रमांची गैरसोय होईल, परंतु ती गैरसोय एकदाच होईल. अबोल गृहीतकाची किंमत मात्र प्रत्येक मूल्यमापनात मोजावी लागते आणि ती बहुधा अशा ठेवीदाराला वा निवृत्तिवेतनधारकाला मोजावी लागते, ज्याने ती आज्ञावली कधी पाहिलेलीही नसते.